मल्लेशम मास्तरांची तरसं

मल्लेशम मास्तर कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी चादरीचा कोपरा उलटून बघायचे. यजमान पाणी आणायला आत गेलेला असो नाहीतर समोर उभा असो, मास्तरांचा हात जायचाच. कोपरा उलटायचा, अंगठ्यानं चाचपायचा, परत नीट घालायचा आणि मग टेकायचं. एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या खांद्यावरच्या शालीलाही असंच केलं होतं. मुलगा दचकला. मास्तर त्याला म्हणाले, "बसा बसा. माल चांगलाय."

आमच्या सोलापुरी चादरीला दोन्ही बाजूंनी नक्षी असते. पुढून पांढऱ्यावर लाल फूल दिसत असेल तर मागून लालवर पांढरं फूल दिसतं. रंग बदलतो, फूल तेच राहतं. मास्तर चादरीच्या कारखान्यात डिझाईन मास्तर होते. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची, मग त्या चौकटी बघून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं दोऱ्यानं एकापुढं एक ओवायची आणि ती माळ मागावर चढवायची. कार्ड सांगेल तसा दोरा उठतो. एक भोक चुकलं तर शंभर चादरी चुकतात. कारखाना बंद पडला तोवर त्यांनी हेच केलं. बंद पडल्यावरही हात तेच करत राहिले.

माझा त्यांचा संबंध तरसांमुळे आला आणि तरसांमुळेच तुटला. मी कधी त्यांच्याबद्दल लिहायला बसेन असं मला वाटलं नव्हतं. बसलो आहे तर सगळं चांगलंच लिहीन असंही नाही.

मी मूळचा वळसंगचा. एका भंगारातल्या जीपवर धंदा सुरू केला आणि सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात दुकान घातलं. वळसंगच्या पुढं जो माळ होता, तिथं पुण्याचे, हैदराबादचे, बंगळुरूचे लोक हातभर लांबीचे कॅमेरे घेऊन यायचे. लांडगा, काळवीट, खोकड आणि सगळ्यात जास्त तरस. माळाच्या वरच्या अंगाला जुनी दगडाची खाण होती, तिच्या कपारींत तरसांची बिळं. खालच्या अंगाला कोंबड्यांच्या शेडांचा उकिरडा. मधून ओढा. संध्याकाळी तरस खाणीतून निघून ओढ्याकाठानं उकिरड्याकडं जायचं, पहाटे फिरून तांबडं फुटताना परत यायचं. ही वाट मला लहानपणापासून माहीत होती. शेरडं राखताना मी तिला शिव्या घातल्या होत्या. पुढं त्याच वाटेवर मी चार जीपा उभ्या केल्या.

सकाळचा फेरा वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा, असा माझा भाव होता. दोन्ही मिळून सवलत मागणाऱ्याला मी सरळ दार दाखवायचो. म्हणून बहुतेक गिऱ्हाईक एकच फेरा करून परत जायचं. जीपा उभ्या राहायच्या त्या ओढ्याच्या अलीकडच्या बाजूलाच. पलीकडची जमीन माझ्या चुलतभावाची. बांधावरून आमचं भांडण झालं तेव्हा त्याच्या रानात चाक टाकणार नाही असं मी चारचौघांत बोललो होतो, आणि बोललेलं मी बदलत नाही. या दोन गोष्टी इथं सांगून ठेवतो. पुढं त्यांचा संबंध येणार आहे.

दुकानाच्या भिंतीवर गिऱ्हाइकांनी काढलेले तरसाचे दोन मोठे फोटो मी लावले होते. खाली छापलं होतं, 'माळाची राणी'. एका दुपारी एक किडकिडीत म्हातारा आत आला. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, पायात झिजलेल्या चपला. मला नमस्कार नाही, काही नाही. त्यानं खिशातून कापडाचे दोरे मोजायचं छोटं भिंग काढलं आणि फोटोला लावलं. मला वाटलं काहीतरी विकायला आला असेल.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"हे दोन वेगळे हायत," तो म्हणाला.

"फोटो दोन आहेत. जनावर एकच आहे."

"न्हाई मालक. चूडंडी." हे तेलुगू. म्हणजे, बघा. काही दाखवायचं असलं की हा शब्द आधी यायचा. "हिथं मांडीवर तिसरी पट्टी फुटली. हिथं फुटली न्हाई. खांद्यावर ह्याला चौकट, त्याला कैरी. दोन जनावरं हायत. तुमी खाली एकच नाव छापलाव."

दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर माझ्या मालात खोट काढलेली मला खपली नाही. मी आवाज चढवला. म्हातारा शांतपणे म्हणाला, "ओरडू नका. तुमचा फायदाच हाय की. एक होती, दोन झाल्या."

ते मला पटलं. खोटं कशाला सांगू, मी त्यांना चहा पाजला तो तेवढ्यासाठीच.

त्या दिवसापासून माझ्या धंद्यात एक नवी अट आली. जीपमध्ये बसणाऱ्यानं तरसाचा काढलेला प्रत्येक फोटो मला पाठवायचा. चांगला, वाईट, हललेला, सगळे. लोक कुरकुर करायचे, फोटो आमचे आहेत म्हणायचे. मी म्हणायचो, तरस माझं आहे. गिऱ्हाइकं हौसेनं दात विचकलेल्या तोंडाचे फोटो पाठवायची. मास्तर वैतागायचे. "तोंड घेऊन काय करू मी? तोंड सगळ्यांचं सारखंच वाईट. अंग पाठवा म्हणावं, अंग. खांद्यापासून शेपटीपर्यंत आख्खं."

प्रत्येक तरसाच्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, आपल्या बोटाच्या ठशासारखे. मास्तर फोटो मोठा करून घेत, चौकटीच्या कागदावर तो पट्टान्‌ पट्टा उतरवत आणि कागद पुठ्ठ्यावर चिकटवत. असं एक कार्ड व्हायचं. मग नवा फोटो आला की जुन्या कार्डांशी ताडून बघायचा. जुळला तर कार्डामागं तारीख टाकायची. नाही जुळला तर नवं कार्ड. हौशी लोकांच्या फोटोंवरून जनावरं मोजायची ही पद्धत मोठमोठ्या जंगलांत चालते, हे मला पुढं एका गिऱ्हाइकानं सांगितलं. मास्तरांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी ती चादरीतून काढली होती.

शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, त्यांचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत त्यांची बायको राजम्मा विड्या वळत बसलेली असायची आणि आतल्या खोलीत भिंतभर तरसांचे फोटो. मी गेलो की राजम्माबाई पान कापता कापता म्हणायच्या, "ह्यांना नातवाचा वाढदिवस विचारा. येत न्हाई. तरसाचं विचारा, कधी आलतं, कधी गेलतं, सगळं येतंय."

मास्तर आतून म्हणायचे, "नातू एकच हाय. चुकणार कसा?"

मी त्यांना हिशेबाबाहेर एकदा जीपमधून माळावर नेलं. फुकट. मी फुकट काही देत नाही, हे सात रस्त्यावर कुणालाही विचारा. आम्ही तांबडं फुटायच्या आधीपासून बसलो होतो. ऊन चटका देईपर्यंत तरसाचं शेपूटसुद्धा दिसलं नाही. परतताना मला वाईट वाटलं. मास्तर शेंगाची चटणी लावलेली कडक भाकरी मोडत म्हणाले, "बरं झालं. समोर आलं असतं तर मी बघतच बसलो असतो. मोजायचं राहिलं असतं." त्यानंतर ते पुन्हा कधी माळावर आले नाहीत. जिवंत तरस त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं नाही.

मग माळ जाणार अशी बातमी आली. गायरान होतं ते, सोलरच्या पट्ट्या बसवायला एका कंपनीला द्यायचं चाललं होतं. मी वनखात्याच्या कचेरीत गेलो, आरडाओरडा केला. तिथले साहेब ऐकून घेणारे होते. म्हणाले, "नुसता माळ म्हणून अडवता येणार नाही. तरसांची वस्ती आहे असं दाखवा. डझनाच्या वर असतील तर मी वर लिहितो, जागा राखून ठेवा म्हणून. पण पुरावा लागेल."

मी तिथूनच मास्तरांना फोन लावला. "कार्डं किती?"

"तेरा."

मी साहेबांना म्हणालो, "तेरा. फोटोसकट." साहेबांनी बैठकीचा दिवस दिला. मी सात रस्त्यावर पेढे वाटले. तेरा तरसं हा आकडा मी इतक्या लोकांना सांगितला की पानवालासुद्धा मला तेरावाले म्हणायला लागला.

बैठकीला वीसेक दिवस होते. त्याच आठवड्यात पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई संध्याकाळच्या फेऱ्याला आल्या. मी पुढं बसून फोनवर दुसऱ्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होतो आणि सवयीनं ओरडत होतो. ओढ्यातून चाललेलं तरस माझ्या आवाजानं थबकलं, गर्रकन उलटं वळलं आणि खाणीकडं परत गेलं. बाई माझ्यावर चिडल्या. पण त्यांच्या बोटाखाली कॅमेरा चालूच होता. जनावर जाताना, वळताना आणि परतताना असे सात फोटो त्यांनी पाठवले.

दोन दिवसांनी मास्तर भर उन्हात चालत दुकानात आले. हातात दोन कार्डं. बसले नाहीत. "चूडंडी," म्हणाले आणि कार्डं टेबलावर ठेवली. एकावर लिहिलं होतं डावी पाच, दुसऱ्यावर उजवी दोन. डावी म्हणजे डाव्या अंगाच्या फोटोवरून केलेलं कार्ड, उजवी म्हणजे उजव्या अंगाच्या, आणि पुढचा आकडा कार्डाचा नंबर.

"हे एकच जनावर हाय," ते म्हणाले.

"मग?"

"मग मी गाढव हाय."

मला कळेना. त्यांनी पाणी मागितलं, प्याले आणि सांगितलं. "चादर उलटली की मागं तेच फूल असतंय. जनमभर तेच बघितलं. मला वाटलं जनावराचं पण तसंच. डाव्या अंगाचा फोटो मी आरशात धरायचो आणि उजव्याशी लावून बघायचो. जुळला न्हाई की दुसरं जनावर समजून नवं कार्ड. मालक, ह्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या मागावर विणल्यात. डावीकडची नक्षी उजवीकडं न्हाईच. मी एकेका जनावराला दोनदा मोजलंय."

मी विचारलं, "मग किती आहेत?"

"डावी कार्डं सात, उजवी सहा. डावी सात एकमेकांशी जुळत न्हाईत, म्हणून सातच्या खाली न्हाईत."

"आणि वर?"

"असतील. बारा पण असतील. नक्की सात."

हा त्यांचा शब्द. नक्की. अंदाजे किती, साधारण किती, असं विचारलं की ते गप्प बसायचे. नक्की किती विचारलं की उत्तर यायचं.

आमच्या फोटोंत असं का झालं तेही त्यांनी शोधून काढलं होतं. माझ्या जीपा ओढ्याच्या एकाच बाजूला. संध्याकाळी खाणीतून निघताना जनावराचं डावं अंग आमच्याकडं, सकाळी परतताना उजवं. सकाळचं गिऱ्हाईक संध्याकाळी नसायचं, संध्याकाळचं सकाळी नसायचं. एकाच माणसाकडं दोन्ही बाजू कधी आल्याच नाहीत. हे सांगताना त्यांनी मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाले, "सकाळी एक जीप पलीकडनं लावा की. डावी बाजू मिळंल. पंधरा दिवसांत कोण कुणाचं ते कळंल."

"पलीकडं माझा चुलतभाऊ आहे."

"त्याला मी विचारतो."

"कुणी कुणाला विचारायचं नाही," मी म्हणालो. भावाचं कारण खरं होतं. पण त्या दिवशी तेवढंच कारण नव्हतं. मला ते कळायला नको होतं.

मग मी त्यांना माझ्या धंद्यातली गोष्ट समजावली. म्हणालो, "मास्तर, मागणारा आधी जास्त मागतो. समोरचा त्यातलं निम्मं कापतो. तेरा सांगितले तर ते सात धरतील. म्हणजे तुमचा आकडा बरोबर बसला. तुम्ही सात सांगितले तर ते तीन धरतील. मग खोटं कुणी केलं?"

"गिऱ्हाइकाला काय बी सांगा. कार्डाला जास्तीचं भोक पाडून चालत न्हाई."

"साहेबांना काय डावं-उजवं कळतंय?"

"मला कळतंय की."

मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला. मास्तरांनी आधी कार्डं उचलली, मग खिशातला रुमाल काढून टेबल पुसलं.

बैठकीला मी त्यांना नेणार नव्हतो. ते आपले आपण आले. कार्डांची पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन मागच्या खुर्चीवर बसले. आत शिरल्यावर त्यांनी साहेबांच्या टेबलावरच्या कापडाचा कोपरा उलटून बघितला होता आणि शिपाई हसला होता. साहेबांनी कागद पुढं ओढला. "तर तेरा ना?"

"तेरा," मी म्हणालो.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "न्हाई साहेब. नक्की सात."

मास्तरांनी पेटी उघडली, सगळं सांगितलं, अगदी स्वतःला गाढवसुद्धा म्हणाले. साहेबांनी प्रत्येक कार्ड हातात घेऊन बघितलं. त्या माणसाला मी दोष देणार नाही. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मास्तर, काम सोन्यासारखं आहे. पण तुम्हीच सात म्हणताय म्हटल्यावर वरचे लोक चार-पाच समजणार. एवढ्यावर माळ राखला जाणार नाही."

मी जे म्हणालो होतो तेच झालं. अगदी तसंच. आजही मला वाटतं की तेरा म्हणून ते गप्प बसले असते तर माळ वाचला असता. निदान प्रयत्न तरी झाला असता. हे डोक्यातून जात नाही आणि मी ते घालवायचा प्रयत्नही करत नाही.

जिन्याखाली मी त्यांना गाठलं. "मास्तर, आजपासून माझ्या दुकानाची पायरी चढायची नाही."

"बरं," ते म्हणाले. दोन पावलं गेले आणि वळले. "आणि फोटो?"

"कसले फोटो?"

"गिऱ्हाइकं काढतील ते. कुणाच्या तरी हातनं पाठवत जावा की."

मी त्यांना काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, पेटी काखेत मारली आणि उन्हातून चालत गेले.

दिवाळीनंतर माळाला तारेचं कुंपण पडलं. खाण बुजवली. जिथं तरस उतरायचं तिथं काळ्या पट्ट्या आल्या, ओळीनं, नजर पोचेल तिथपर्यंत. गिऱ्हाइकं बंद झाली. मी दोन जीपा काढून टाकल्या आणि उरलेल्या अक्कलकोट-तुळजापूरच्या भाविकांना लावल्या. मास्तरांचं नाव घरात काढायचं नाही असं मी सांगून ठेवलं होतं.

वर्ष उलटून गेलं असेल. एका सकाळी माझ्या ड्रायव्हरचा फोन आला. वळसंगच्या अलीकडं, अक्कलकोट रस्त्याच्या कडेला तरस पडलंय, गाडीनं उडवलेलं. मी चहा तसाच टाकून निघालो. हळहळून निघालो असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. मला मास्तरांना खोटं पाडायचं होतं. माझं गणित सरळ होतं. या जनावराचं एकच अंग पेटीत निघालं, तर प्रत्येक जनावराची दोन कार्डं झालीत हे म्हणणं ढिलं पडतं. मग तेराचं माझं पुन्हा उभं राहतं. माळ परत मिळणार नव्हता. पण मी त्यांच्या दारात जाऊन सांगणार होतो.

तरस उजवी बाजू वर करून पडलं होतं. मी मोबाईलवर फोटो काढला, खांद्यापासून शेपटीपर्यंत आख्खा. मग ड्रायव्हरला म्हणालो, "उलट."

"मी न्हाई हात लावणार, मालक."

मग मीच खाली बसलो. पुढचे दोन पाय एका हातात धरले, मागचे दोन दुसऱ्या हातात, आणि उलटलं. जड होतं. जाणाऱ्या येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी डाव्या बाजूचा फोटो काढला.

मला पट्टे वाचता येत नाहीत. एवढी वर्षं ते विकले, वाचायला शिकलो नाही. म्हणून मला पूर्व भागात जावंच लागलं.

राजम्माबाईंनी मला बघून हातातलं सूप खाली ठेवलं. "आलाव व्हय," एवढंच म्हणाल्या. मास्तर आत खाटेवर होते. छातीचं दुखणं बळावलं होतं, श्वास घेताना शिट्टी वाजत होती. अंगावर कारखान्यातली जुनी चादर. मी मोबाईल पुढं धरला. त्यांनी उशाखालचं भिंग काढलं. बराच वेळ ते कधी फोनकडं, कधी भिंतीकडं बघत होते. मग पेटीकडं बोट केलं. मी ती दिली. त्यांनी दोन कार्डं काढली. डावी एक, उजवी सहा.

दोन्ही आधीपासून पेटीतच होती.

मी खाटेच्या कडेला बसलो. माझ्या डोक्यातली तेरा तरसं डॉक्टरीणबाईंची जोडी धरून तिथंच बसल्या बसल्या अकरा झाली, आणि पुढं कुठवर खाली जाणार तेही मला दिसलं.

"खात्री आहे?" मी तरीही विचारलं.

"तुमीच उलटलाव की," मास्तर म्हणाले.

त्यांनी दोन कार्डांच्या कडांना भोकं पाडली आणि विणकराची गाठ मारून ती एकमेकांना बांधली, मागावरची कार्डं बांधतात तशी. गाठ एका झटक्यात बसली. मग मला विचारलं, "हात लावलाव म्हणजे अंगाला?"

"लावला."

"केस मऊ हायत का राठ?"

"राठ."

"घोंगड्यासारखे?"

मी आठवून बघितलं. "घोंगड्यापेक्षा राठ. मानेवरचे तर खराट्यासारखे."

"मला फोटोत मऊ वाटायचे," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर मी आठवड्याला जायला लागलो. भांडण मिटलं असं नाही. मी एकदाही माझं चुकलं म्हणालो नाही आणि त्यांनीही म्हणून घेतलं नाही. एकदा मी विषय काढलाच. "तुम्ही तेरा म्हणाला असतात तर?" ते म्हणाले, "तर आज मला सहा जास्तीची मेलेली शोधावी लागली असती."

कुंपणामुळं तरसांची वाट तुटली होती. उकिरड्याकडं जायचं तर त्यांना आता रस्ता ओलांडावा लागायचा. त्या हिवाळ्यात आणखी दोन मेली. मी दोन्हींना गेलो, दोन्ही उलटली, दोन्हींचे दोन दोन फोटो आणले. पर्यटक जे देऊ शकले नाहीत ते आम्हाला रस्त्यानं दिलं. दुसऱ्याची दोन सुटी कार्डं निघाली, मास्तरांनी ती बांधली. तिसरं डॉक्टरीणबाईंचं निघालं, माझ्या आवाजानं वळलेलं. त्याची कार्डं आधीच बांधलेली होती. मास्तरांनी ती नुसती हातात घेतली. गाठ चाचपली आणि परत ठेवली. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

संक्रांतीच्या सुमाराला ते गेले. मी पोचलो तेव्हा अंगणात लोक जमले होते. त्यांच्यावर एक नवी कोरी चादर घातली होती. मी जवळ गेलो आणि माझा हात आपोआप कोपऱ्याकडं गेला. राजम्माबाई बघत होत्या. मी कोपरा उलटला, चाचपला आणि परत नीट घातला.

तेराव्याला राजम्माबाईंनी मला पेटी आणून दिली. "ह्यात काय हाय मला कळत न्हाई. ह्याच्यासाठी तुमी भांडलाव, तुमीच न्या."

पेटी दुकानात टेबलाखाली आहे. गेल्या महिन्यात कचेरीतून फोन आला. नवे साहेब आले आहेत, तरुण आवाज. "तुमच्याकडे पूर्वी पर्यटकांच्या फोटोंवरून तरसांची मोजणी व्हायची म्हणे. आम्ही तशी पद्धत पुन्हा सुरू करावी म्हणतो. सध्या किती असतील?"

मी फोन कानाला धरूनच पेटी उघडली. बांधलेल्या तीन जोड्या बाजूला केल्या. सुटी कार्डं मोजली. सात होती. डावी चार, उजवी तीन. साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. मी सात म्हणालो असतो तर त्यांनी मान्य केलं असतं, आणि सातातून वजाबाकी करूनही काहीतरी उरलं असतं. जन्मभर मी आकडा वरूनच सुरू केला आहे.

"चार," मी म्हणालो.

"अंदाजे?"

"नक्की चार. फोटो कुंपण पडायच्या आधीचे आहेत."

"म्हणजे आता चार असतीलच असं नाही."

"नाही."

पलीकडं त्यांनी काहीतरी लिहून घेतल्यासारखं वाटलं. मग ते म्हणाले, "चारसाठी पद्धत सुरू करण्यात तसा अर्थ नाही, नाही का?" त्यांनी आभार मानले आणि फोन ठेवला. मी सातही कार्डं पेटीत पालथी घातली. मग पुन्हा काढून सुलटी करून ठेवली आणि झाकण लावलं.